दर सोमवारी बंद पडणारी गाडी

"वीस मिनिटांत सुरू होईल ती. दर वेळी होते."

मी बॉनेटमध्ये कोपरापर्यंत हात घालून उभी होते. आवाज मागून आला नाही, बाजूने आला नाही — वरून आला. मान वर केली, तर विजेच्या खांबावर पट्ट्याने स्वतःला बांधून घेतलेला एक लाइनमन. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात पक्कड, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू मी त्याच्या अंगणात पाहुणी म्हणून आले आहे.

"तुम्हाला कुणी विचारलं?" मी म्हणाले.

"कुणी नाही. चार सोमवार मनातल्या मनात सांगत होतो... आज तोंडातून निघून गेलं."

म्हणजे हा माणूस मोजत बसला होता. माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आई म्हणते. त्या दिवशी तर तो शेंड्यावरून खाली उडी मारायच्या बेतात होता. मागे ट्रकमध्ये बर्फाच्या चाळीस लाद्या. त्यांच्यावर भुसा, भुशावर ताडपत्री, आणि तरीही फळीच्या फटीतून टपटप पाणी गळत होतं. मासळीबाजार अजून सहा मैल लांब. ऊन डोक्यावर. आणि आमची म्हातारी चढ संपता संपता दोन आचके देऊन गप्प झालेली.

म्हातारी म्हणजे आमचा ट्रक. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी, पेट्रोलवर चालणारी, आणि बाबांचा जीव की प्राण. तीस वर्षं बाबांनी तिच्यावर बर्फ वाहिला. मग त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि गेली दोन वर्षं मी चालवते. त्याआधी मी मामाच्या फरशीच्या दुकानात गल्ल्यावर बसायचे. जांभई किती प्रकारे देता येते, ते मी तिथे शिकले. म्हातारीची चावी हातात आली त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला सकाळी उठायला काहीतरी कारण आहे.

आणि कालच, जेवताना, बाबांनी ताटाकडे बघत सांगितलं होतं, "आता एकदा जरी रस्त्यात बंद पडली ना, तर बास. भंगारवाल्याशी बोलून ठेवलंय. तू एकटी असतेस, रस्ता सुनसान... माझा जीव टांगणीला लागतो. मामा तुला परत घ्यायला तयार आहे."

तर ते 'एकदा' हे होतं. अजून चोवीस तासही झाले नव्हते.

मी सीटखालून सामानाची पेटी ओढून काढली. ही पेटी बाबांची. आत सुट्टे भाग तेल लावलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले असतात — कॉइल, पॉइंट, कंडेन्सर. गाडीत ठिणगी पाडणारी ही तीन भावंडं. गाडी बंद पडली की तिन्ही एकदम बदलायची, जुनी पेटीत टाकायची आणि निघायचं, असं बाबांनी मला शिकवलेलं. रस्त्यात विचार करत बसायचं नाही.

"परत तिन्ही बदलणार?" वरून आवाज.

मी पाना खाली ठेवला. "तुम्ही तारा बघायच्या की माझी पेटी?"

"लाइन बंद आहे, तारा कुठे पळतायत..." तो म्हणाला, आणि खांबावरून असा सरसर उतरला की जिना असावा. जवळ आल्यावर दिसलं, वयाने माझ्याएवढाच असेल. कपाळावर हेल्मेटचा वळ, भुवईत धूळ. डोळे मात्र... जाऊ दे. डोळ्यांचं नंतर.

"मला इंजिनातलं काही कळत नाही," तो म्हणाला.

"हे बरं झालं, आधीच सांगितलंत."

"पण फॉल्ट शोधायचं कळतं. आमच्याकडे दहा मैलांची लाइन गेली तर आम्ही दहाच्या दहा मैल तार बदलत नाही. एकेक तुकडा सोडवतो आणि बघतो. तुम्ही तिन्ही एकदम बदलता, गाडी सुरू होते, तुम्ही निघून जाता. मग खराब काय होतं ते कळणार कसं?"

तो बोलला ते इतकं साधं होतं, की चार सोमवारांत आपल्याला का सुचलं नाही या विचाराने मला जास्तच चीड आली.

"ठीक आहे," मी म्हणाले. "मग धरा ही वायर."

कॉइलमधून एक जाड वायर निघते. तिचं दुसरं टोक सोडवून इंजिनाच्या लोखंडाजवळ धरायचं आणि चावी फिरवायची. टोकातून ठिणगी उडाली तर करंट आहे, नाही उडाली तर नाही. मी केबिनमध्ये चढले, तो वायर धरून वाकला.

"रबरावर धरा. हातमोजे कुठायत तुमचे?"

"पोलवर लटकतायत. ताई, मी अकरा हजार व्होल्टवाला माणूस आहे."

"ताई म्हणू नका."

"बरं," तो म्हणाला. लगेच म्हणाला. फारच लगेच.

मी चावी फिरवली. इंजिन कुंथलं.

"आली का?"

"नाही."

मी उतरले, कंडेन्सर बदलला. फक्त कंडेन्सर. परत चढले. "आली?"

"नाही."

उतरले, पॉइंट बदलले. घामाचा थेंब नाकावरून ओघळून पॉइंटवर पडणार तेवढ्यात त्याने गळ्यातला रुमाल मधे धरला. माझ्या नाकाला लावला नाही, नुसता खाली धरला. थेंब रुमालावर पडला. आम्ही दोघांनीही ते पाहिलं.

"आली?"

"नाही हो."

आता उरली कॉइल. मी सहज तिला हात लावला आणि झटकन मागे घेतला. चुलीवरच्या पातेल्यासारखी तापली होती. आणि मग माझ्या डोक्यात एक विचार आला... सकाळच्या फेरीला ही गाडी कधीच बंद पडत नाही. सकाळी हवा गार असते. पडते ती नेहमी दुपारी, चढ संपता संपता, इंजिन पुरतं तापल्यावर.

"थांबा," मी म्हणाले. "कॉइल बदलायची नाही. गार करायची."

"कशाने?"

मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. मागे चाळीस लाद्या बर्फ टपटपत होता. तो कपाळावर हात मारून हसायला लागला, आणि त्याचं हसू असं काही पसरलं की मलाही हसू आलं — भर उन्हात, बंद गाडीसमोर, आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दुपारी.

हातोडीने लादीचा कोपरा फोडला, डब्याच्या पिशवीत भरला, आणि पिशवी कॉइलला गुंडाळून धरली. पाच मिनिटं धरायची होती. पाच मिनिटं म्हणजे फार वेळ असतो, कारण पिशवीचं एक टोक माझ्या हातात होतं आणि दुसरं त्याच्या. बोटं गार पडली होती. त्याच्या हातावर तारेने कापल्याच्या बारीक बारीक जुन्या खुणा होत्या.

"इतका बर्फ रोज वाहता," तो म्हणाला, "आणि इतक्या गरम डोक्याच्या कशा?"

"डोकं गरम नाहीये. घाबरलेय मी." हे माझ्या तोंडून गेलं कसं, मला माहीत नाही. पण गेलं ते गेलंच. मग मी सगळं सांगून टाकलं. बाबांचं, भंगारवाल्याचं, मामाच्या गल्ल्याचं. "उद्या गाडी गेली ना, तर मी परत फरशा मोजत बसणार. मला ते नकोय. मला हेच आवडतं... काळे हात, हा रस्ता, हिचा आवाज. वेडेपणा वाटेल तुम्हाला."

"मी रोज खांबावर चढतो," तो म्हणाला. "मला वाटेल?"

मी केबिनमध्ये चढले. "रबरावर धरलंय ना?"

"हो हो, फिरवा."

चावी फिरवली. समोर कट्ट असा आवाज झाला, पाठोपाठ "आई ग!" आणि अकरा हजार व्होल्टवाला माणूस दोन फूट मागे उडाला.

"आली," रस्त्यावर बसूनच तो म्हणाला.

मी पोट धरून हसले. म्हातारीच्या जुन्या रबराला तडे गेले होते, आणि त्याचं बोट नेमकं तड्यावर. त्याला उठवायला मी हात दिला. तो उठला, पण हात सोडायला त्याने जरा वेळच लावला. मीही घाई केली नाही, खोटं कशाला बोलू.

तर कॉइल. फक्त कॉइल. थंड असली की शहाणी, तापली की मेली. मी पेटीतली दुसरी बसवली, वायर जागेवर लावली, आणि म्हातारी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मग मी काढलेली कॉइल फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवायला लागले. सवयच ती.

"ही परत पेटीत?" त्याने विचारलं, आणि खिशातून लाल चिकटपट्टी काढली. "आमच्याकडे काढलेल्या खराब वस्तूला आधी लाल पट्टी. नाहीतर दुसऱ्या पाळीचा माणूस येतो, त्याला वाटतं चांगली आहे, आणि तीच परत चढवतो."

मी कॉइल हातात धरून तशीच उभी राहिले.

दुसऱ्या पाळीचा माणूस.

बाबांचा दर रविवारचा नियम होता. गाडी धुवायची, आणि पेटीतले भाग गाडीत, गाडीतले पेटीत. "पडून राहिलेली वस्तू मरते," ते म्हणायचे, "सगळ्यांना आळीपाळीने काम द्यायचं." अंगणात, थंड इंजिनावर, ते बसवून बघायचे. एका झटक्यात सुरू व्हायची. शाब्बास, म्हणायचे. मग सोमवारी सकाळची फेरी व्यवस्थित, दुपारची चढावर बंद. मी रस्त्यात सगळं बदलायचे, मंगळवार ते शनिवार गाडी पळायची. आणि रविवारी बाबा, माझे प्रेमळ, टापटिपीचे बाबा, मेलेली कॉइल पेटीतून काढून स्वतःच्या हाताने परत आत बसवायचे. मला वाटायचं, रविवारी आमची फेरी नसते म्हणून सोमवारी माल दुप्पट असतो, बिचारीला झेपत नाही.

गाडीत काहीच दोष नव्हता. दोष पेटीत होता, आणि दर आठवड्याला आमच्याच हाताने गाडीत जात होता.

मला रडू आलं. सुटल्यासारखं रडू असतं ना, तसं. तो गोंधळून रुमाल पुढे करायला लागला. मग तो मघाच्या घामाचा रुमाल आहे हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने मागे घेतला. मी तोच ओढून घेतला.

"म्हणजे आता नाही बंद पडणार," तो म्हणाला.

"नाही पडणार."

"चांगलं झालं." त्याने कॉइलला लाल पट्टी गुंडाळली, फार मन लावून गुंडाळली. वर न बघताच म्हणाला, "पहिला सोमवार योगायोग होता. दुसराही. पण तिसऱ्यापासून मी साहेबांकडून या रस्त्याची ड्युटी मागून घेतली. या खांबावर आता दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नाहीये... गेल्या वेळी मी वरचा सगळा गंज पॉलिश पेपरने घासला. आज खाली उतरलो, कारण तुमचा चेहरा बघवला नाही. आणि आता गाडी दुरुस्त झाली. तुम्ही थांबणार नाही. मीच केलं हे, त्यामुळे तक्रार कुणाकडे करू?"

आता डोळ्यांचं सांगते. काळेभोर, आणि सरळ बघणारे. आपण काही बोलावं म्हणून थांबलेले.

आणि मी काय केलं? जिची जीभ सगळ्या मासळीबाजाराला पुरून उरते, ती मी म्हणाले, "बर्फ वितळतोय." चढले, गिअर टाकला आणि निघाले. आरशात तो लहान लहान होत गेला. मैलभर गेल्यावर मी स्वतःला अशा शिव्या घातल्या की बर्फही शरमून वितळला असता.

घरी बाबा पायरीवरच होते. उशीर झाला की मासळीवाल्यांचा फोन येतोच. "पडली ना बंद," ते म्हणाले. चिडलेले नव्हते, थकलेले होते, आणि ते जास्त वाईट होतं.

"पडली. पण तुम्ही गाडीजवळ चला."

लाल पट्टीवाली कॉइल मी त्यांच्यासमोर थंड असताना गाडीला जोडली — ठिणगी. मग आईच्या तव्यावर ठेवली. आई म्हणाली, "त्या तव्यावर मी परत काही करणार नाही, सांगून ठेवते," पण गॅस तिनेच बारीक केला. चांगली तापल्यावर फडक्यात धरून परत जोडली. काही नाही. एक ठिणगी नाही.

बाबा बॉनेटला टेकले.

"म्हणजे मीच," ते म्हणाले. "दर रविवारी."

"तुम्हाला कसं कळणार? अंगणात ती थंडच असायची."

"आणि मी हिला भंगारात..." त्यांनी म्हातारीच्या पत्र्यावरून हात फिरवला. मग एकदम बापाचा आवाज काढला. "भंगारवाल्याला मघाशी उद्या यायला सांगितलं होतं, त्याला आठवडाभर थांबायला सांगतो. नवी कॉइल आण, पण ती आधी गाडीत तापू दे, चार दिवस पळू दे, मगच पेटीत जाईल. आणि पुढच्या सोमवारी दुपारी मी बरोबर येणार. तो चढ माझ्यासमोर ओलांडला, तर गाडी तुझी. नाही ओलांडला, तर मामा."

"चालेल."

"दर सोमवारच्या बंद पडण्यामागे एकच कारण आहे, हे तुझ्या लक्षात आलं होतं?"

"माझ्या नाही," मी म्हणाले. "एका लाइनमनच्या."

"त्याच्या बरं लक्षात राहिले सोमवार," आई अंगणातच तवा घासत म्हणाली. तिने मान वर केली नाही. बाबा तिच्याकडे बघत होते, मग माझ्याकडे. मी बॉनेट धाडकन लावलं.

तो आठवडा कसा गेला ते माझं मला माहीत. दर संध्याकाळी मी त्याला वेगळं उत्तर द्यायचे. काही छान होती, दोन-तीन तर फारच छान. ऐकायला फक्त म्हातारी होती.

सोमवारी बाबा शेजारी बसले. गुडघ्यांवर हात, कान इंजिनाकडे. चढ सुरू झाला. दुसरा गिअर. मागे दुप्पट माल. इंजिनाचा आवाज जाड झाला, काटा गरमवर सरकला... नेहमीची जागा जवळ आली, तेच वळण, तोच पांढरा दगड. मी श्वास धरला. बाबांनीही धरला असावा, कारण दगड मागे पडल्यावर आम्ही दोघांनी तो एकदमच सोडला. म्हातारी गुरगुरत चढ ओलांडून सपाटीवर आली.

बाबांनी डोळे पुसले. धूळ गेली, म्हणाले.

खांब समोर होता. तो वर नव्हता. खाली उभा होता, हेल्मेट छातीशी धरून. गाडी चालत येताना बघून त्याचा चेहरा आधी उजळला, मनापासून उजळला. आणि मग, आम्ही त्याच्यासमोरून पुढे जाताना, तो हळूहळू उतरत गेला. त्याने हात हलवला. पुढे जाणाऱ्याला हलवतात तसा.

वीस पावलांवर मी ब्रेक दाबला आणि चावी बंद केली.

सगळं शांत झालं. बाबांनी माझा दंड घट्ट धरला. रंग उडाला होता त्यांचा. "काय झालं? बंद पडली?"

"नाही बाबा," मी म्हणाले. "मी थांबवली."

आरशात तो पळत येत होता.